मेल येतात पण जात नाहीत: खातं डिलीट करण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा. घरून चालणारा छोटा व्यवसाय, स्वतःच्या डोमेनचा ईमेल एका होस्टिंग कंपनीकडे, संगणकावर विंडोज १० आणि आउटलुक २०१६, खातं पॉप पद्धतीने (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारी) जोडलेलं. महिन्यापूर्वी जुनं ब्रॉडबँड काढून फायबर घेतलं. तेव्हापासून मेल येतात, पण पाठवलेले आउटबॉक्समध्येच पडून राहतात आणि मिनिटभराने सर्व्हरकडून उत्तर आलं नाही अशी सूचना येते. त्याच आउटलुकमध्ये जीमेलचंही खातं आहे, ते अधूनमधून पासवर्ड मागत बसतं. ओळखीच्या एकाने सांगितलंय, खातं डिलीट करून नव्याने टाका. तसं करावं का?

करू नका. पॉप खात्याचे जुने मेल बहुतेक वेळा सर्व्हरवर उरलेलेच नसतात. ते उतरून तुमच्या संगणकावरच्या पीएसटी फाइलमध्ये आलेले असतात. खातं काढलं की ती फाइल डिस्कवर राहते, पण आउटलुकच्या खिडकीतून दिसेनाशी होते, आणि नव्याने टाकलेलं खातं दुसरीच रिकामी फाइल उघडून बसतं. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची टिक असेल तर उलटं होतं: आधी उतरलेले मेल पुन्हा उतरतात आणि प्रत्येकाच्या दोन दोन प्रती होतात. एवढं करून नव्या खात्यात तोच जुना पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) टाकला, तर मेल जाणार नाहीच. म्हणून आधी मेल नेमका कुठे अडतोय ते शोधायचं, मग तेवढंच दुरुस्त करायचं.

सुरुवात करण्याआधी एकच काम: आउटलुक बंद करा, डॉक्युमेंट्समधलं आउटलुक फाइल्स नावाचं फोल्डर उघडा आणि त्यातल्या पीएसटी फाइली पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. आउटलुक चालू असताना कॉपी होत नाही किंवा अर्धवट होते.

येणं वेगळं, जाणं वेगळं

मेल येतोय म्हणजे इंटरनेट आणि पासवर्ड ठीक आहे, जाणाऱ्यातच काहीतरी बिघडलंय, हे निदान निम्मंच बरोबर आहे. मेल घेताना आउटलुक पॉप सर्व्हरशी बोलतं, साधारणपणे ९९५ पोर्टवर. मेल पाठवताना ते एसएमटीपी सर्व्हरशी बोलतं. त्याचं नाव वेगळं असू शकतं, पोर्ट वेगळा असतोच, आणि पासवर्डही आउटलुकमध्ये वेगळा साठवलेला असू शकतो. त्यामुळे एक बाजू उत्तम चालते आणि दुसरी ठप्प, यात नवल काही नाही.

एसएमटीपीचा मूळ दस्तऐवज १९८२ चा. तेव्हा सगळा व्यवहार २५ या पोर्टवर चालायचा आणि पाठवणारा कोण, हे विचारायची सोयच नव्हती. पुढे स्पॅम वाढला. व्हायरस शिरलेले घरगुती संगणक २५ वरून थेट जगभर मेल फेकू लागले, तेव्हा अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवर बाहेर जाणारा २५ बंद केला. आज २५ आहे तो सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी. माणसाने आपल्या संगणकावरून मेल द्यायचा तो ५८७ वर, जो १९९८ मध्ये ठरला, किंवा ४६५ वर, ज्याची शिफारस २०१८ पासून पुन्हा सुरू झाली. दोन्हीकडे नाव-पासवर्ड सांगावा लागतो आणि बोलणं कूटबद्ध, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारं, असतं.

तुमच्या बाबतीत संशय इथेच आहे. जुन्या कंपनीने २५ उघडा ठेवला असणार, खातं वर्षानुवर्षं त्यावर चाललं, आणि नव्या फायबरवर तो बंद आहे. पॉपचा पोर्ट वेगळा असल्याने मेल येत राहिले. पण संशय म्हणजे निदान नव्हे, खात्री करून घेऊ.

मेल कुठे थांबला?

मेल चार ठिकाणी थांबू शकतो. आउटबॉक्समध्येच असेल, तर तो तुमच्या संगणकातून निघालेलाच नाही. पाठवताना लगेच आकड्यासकट सूचना आली, तर तुमच्या सर्व्हरपर्यंत तो पोचला आणि त्याने नाकारला. सेंटमध्ये गेला आणि काही मिनिटांनी किंवा तासांनी परतीचा मेल आला, तर तुमच्या सर्व्हरने घेतला आणि पुढच्याने परत पाठवला. सेंटमध्ये आहे, परतही आला नाही, पण समोरचा मिळाला नाही म्हणतो, तेव्हा तो बहुतेक त्याच्या स्पॅममध्ये पडलेला असतो. पहिल्या प्रकारात समोरच्याचा पत्ता तपासत बसणं आणि तिसऱ्या प्रकारात पोर्ट बदलत बसणं, दोन्ही वेळ घालवणं आहे.

आता दोन चाचण्या, दोन्ही मिळून दहा मिनिटांच्या.

पहिली: ब्राउझरमध्ये होस्टिंगच्या वेबमेलमध्ये शिरा आणि तिथून एक मेल स्वतःच्या जीमेलला पाठवा. तिथूनही जात नसेल तर संगणकाचा काही दोष नाही. खातं बंद झालंय, मेलबॉक्स भरलाय किंवा पाठवण्याची मर्यादा ओलांडलीय, आणि त्यासाठी होस्टिंगवाल्यांशीच बोलावं लागेल. वेबमेलवरून गेला, तर दोष संगणक, राउटर किंवा इंटरनेट जोडणी या तिघांपैकी कुणाचा तरी.

दुसरी: फायबरचं वायफाय बंद करा, आउटबॉक्समधले आता नको असलेले जुने मेल आधी ड्राफ्ट्समध्ये ओढून ठेवा, मग फोनचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्यावर जोडा आणि आउटलुकमधून पाठवून बघा. आउटबॉक्समधले सटासट निघाले, तर सेटिंग चालण्याजोगं आहे, रस्ता अडवणारा राउटर किंवा फायबर कंपनी आहे. मात्र हॉटस्पॉटवरही अडलं म्हणून कंपनी निर्दोष ठरत नाही, कारण मोबाइल कंपन्याही २५ बंद ठेवू शकतात. त्यासाठी पोर्टच ठोकून बघायचा.

स्टार्टमध्ये पॉवरशेल शोधून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत हा आदेश टाइप करा: टेस्ट-नेटकनेक्शन, एक जागा सोडून तुमच्या जाणाऱ्या सर्व्हरचं नाव, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून पोर्ट हा शब्द, मग जागा सोडून २५. उत्तरातल्या शेवटच्या ओळीत, टीसीपीटेस्टसक्सीडेडपुढे, ट्रू आलं तर दार उघडं, फॉल्स आलं तर बंद. तोच आदेश ५८७ आणि ४६५ साठी द्या. २५ ला फॉल्स आणि ५८७ ला ट्रू, असं चित्र दिसलं तर तुमचं दुखणं सापडलं. तिन्ही फॉल्स आले तर सर्व्हरचं नाव चुकलंय, किंवा अँटिव्हायरस, फायरवॉल, व्हीपीएन यांपैकी कुणीतरी मध्ये आहे. व्हीपीएन असेल तर तो आधी बंद करून पाहा, कित्येक व्हीपीएन सेवा मेलचे पोर्ट मुद्दाम रोखतात.

सेटिंग कुठे बदलायचं

आउटलुक २०१६ मध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज. तिथे नव्या बांधणीची सुटसुटीत खिडकी उघडली आणि हवं ते सापडेना, तर कंट्रोल पॅनलमधून मेल उघडा, तिथे जुनीच सविस्तर खिडकी मिळते. खातं निवडा, चेंज, मग मोअर सेटिंग्ज.

आउटगोइंग सर्व्हर या टॅबवर पहिलीच टिक आहे: जाणाऱ्या सर्व्हरला ओळख पटवावी लागते, अशा अर्थाची. ती हवीच. तिच्याखाली, येणाऱ्या सर्व्हरचंच नाव-पासवर्ड वापरा, हा पर्याय निवडा. ही टिक नसली की सर्व्हर ५५० किंवा ५५४ आकडा देऊन रिले, म्हणजे तुमचा मेल पुढे पाठवणं, नाकारलं म्हणतो. काही जुन्या होस्टिंग सर्व्हरवर याचं एक फसवं रूप दिसतं: आधी मेल घेतले की पुढची काही मिनिटं पाठवता येतं, मग पुन्हा बंद. तुम्ही नुकतेच मेल घेतलेत, म्हणजे त्या आयपी पत्त्यावरचा माणूस ओळखीचा, असं तो सर्व्हर धरून चालतो. एकदा सेंड-रिसीव्ह दाबलं की जातं, अशी तक्रार असेल तर ही टिकच बघा.

ॲडव्हान्स्ड टॅबवर जाणाऱ्या सर्व्हरपुढचा २५ खोडून ५८७ लिहा आणि कूटबद्धतेच्या यादीतून स्टार्टटीएलएस निवडा. काही बांधण्यांमध्ये तिथे नुसतं टीएलएस लिहिलेलं असतं. होस्टिंगवाल्यांनी ४६५ दिला असेल तर त्याच्याबरोबर एसएसएल निवडायचं. या जोड्यांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि तिची लक्षणं वाचता आली तर पुष्कळ वेळ वाचतो.

जोडणी लागल्यावर काय होतं ते जवळून पाहू. ५८७ वर सर्व्हर आधी बोलतो, साध्या अक्षरांत: २२० आणि स्वतःचं नाव. आउटलुक ईएचएलओ म्हणून आपली ओळख देतं. सर्व्हर २५० च्या ओळींत आपल्याला काय काय येतं ते सांगतो, त्यात स्टार्टटीएलएस असतं. आउटलुक म्हणतं, चला, आता कूटबद्ध बोलू. मग नाव-पासवर्ड, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, मग मजकूर, आणि शेवटी सर्व्हरचा २५०: मेल घेतला. हा शेवटचा २५० आला की मेल आउटबॉक्समधून सेंटमध्ये जातो, त्याआधी नाही. ४६५ वर मात्र पहिल्या क्षणापासून कूटबद्ध बोलणं अपेक्षित असतं, सर्व्हर गप्प राहून आउटलुकची वाट बघतो. आता ४६५ ला स्टार्टटीएलएस लावलं तर आउटलुक सर्व्हरच्या २२० ची वाट बघतं आणि सर्व्हर आउटलुकची. दोघंही गप्प, आणि मिनिटभराने वेळ संपल्याची सूचना. याच्या उलट, ५८७ ला एसएसएल लावलं तर आउटलुक कूटबद्ध सलामी देतं, समोरून साधी अक्षरं येतात आणि जोडणी तिथल्या तिथे तुटते. थांबून अडलं की लगेच तुटलं, एवढ्यावरून कोणती चूक झालीय ते बहुधा कळतं. थांबून अडण्याचं दुसरं कारण म्हणजे बंद पोर्ट, तो वरच्या आदेशाने आधीच तपासलेला आहे.

त्याच टॅबवर वेळमर्यादेची सरकपट्टी आहे. ती एका मिनिटावर असते. तुमची अपलोड गती कमी असेल तर पाच मिनिटांपर्यंत न्या. ओके करून टेस्ट अकाउंट सेटिंग्ज दाबा. दोन ओळी येतील, पहिली येणाऱ्या सर्व्हरची, दुसरी चाचणी मेल पाठवल्याची. दोन्हींवर हिरवी खूण हवी.

यानंतर सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राबद्दल, सूचना आली, सर्व्हरचं नाव जुळत नाही अशी, तर डोळे झाकून येस दाबू नका. सामायिक होस्टिंगवर हे नेहमीचं आहे. तुम्ही सर्व्हरच्या जागी मेल आणि पुढे तुमचं डोमेन असं लिहिलेलं असतं, पण सर्टिफिकेट होस्टिंगच्या मूळ सर्व्हरच्या नावाचं असतं. होस्टिंगच्या पॅनलमध्ये मेल जोडणीच्या पानावर सुरक्षित जोडणीसाठीचं नाव दिलेलं असतं, ते दोन्ही सर्व्हरच्या रकान्यांत टाका. तक्रार मुदत संपल्याची असेल तर ती होस्टिंगवाल्यांनाच सोडवावी लागेल. मोफत मिळणारी सर्टिफिकेटं बहुतेक ९० दिवसांची असतात आणि आपोआप नवी होण्याची व्यवस्था कधीकधी अडते.

त्याआधी एकदा संगणकाचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि त्या तारखेला आजचं सर्टिफिकेट सुरूच झालेलं नसतं. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत आहे, त्यामुळे सगळा भार त्या बॅटरीवर येतो आणि ती लवकर संपते. अशा वेळी ब्राउझरमध्येही अनेक संकेतस्थळं असुरक्षित असल्याच्या सूचना देतात, त्यावरून ओळखा. घरात आणखी कुणाकडे विंडोज ७ असेल तर तिथे वेगळी अडचण आहे. कूटबद्ध बोलण्याची जी टीएलएस पद्धत आहे, तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, बहुतेक सर्व्हर आता १.२ च्या खाली बोलत नाहीत, आणि विंडोज ७ वर ती वेगळं अपडेट टाकून चालू करावी लागते. माझं मत विचाराल तर तिथे जुन्या आउटलुकशी झुंजण्यापेक्षा मेल ब्राउझरमध्ये वापरावा आणि पैसे साठवून संगणक बदलावा.

अँटिव्हायरसचंही बघा. अनेक अँटिव्हायरस मेल तपासण्यासाठी आउटलुक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसतात आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. अपडेटनंतर हा मधला थर बिघडला की मेल अडतो. पूर्ण अँटिव्हायरस काढायची गरज नाही. त्याच्या सेटिंगमध्ये जाणारे मेल तपासणं हा वेगळा पर्याय असतो, तेवढाच बंद करून बघा. आलेली फाइल उघडताना ती तपासली जातेच, त्यामुळे संरक्षणात मोठी घट होत नाही.

जीमेलचा पासवर्ड

ब्राउझरमध्ये पासवर्ड चालतो आणि आउटलुक तोच नाकारतं, याचं कारण गूगलने जुन्या पद्धतीची दारं बंद केलीत. नुसत्या नाव-पासवर्डवर चालणाऱ्या प्रोग्रामना वैयक्तिक खात्यांत मिळणारी सवलत ३० मे २०२२ पासून थांबली. आउटलुक २०१६ साठी रस्ता म्हणजे ॲप पासवर्ड. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ती नसेल तर ॲप पासवर्डचं पान मिळतच नाही. मग खात्याच्या शोधात ॲप पासवर्ड असं शोधा, काहीतरी नाव द्या, आणि १६ अक्षरांचा पासवर्ड मिळेल. तो चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो, मधल्या जागा टाइप करायच्या नाहीत. सर्व्हर एसएमटीपी.जीमेल.कॉम, पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस, नाहीतर ४६५ आणि एसएसएल. नावाच्या रकान्यात पूर्ण पत्ता, ॲटच्या पुढच्या भागासकट.

तुमचं खातं कधी चालतं, कधी अडतं, त्यामुळे एक गोष्ट विचारात घ्या: गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे ॲप पासवर्ड रद्द होतात. घरातल्या कुणी फोनवरून पासवर्ड बदलला की आउटलुक पुन्हा मागू लागतं, आणि नवा मुख्य पासवर्ड टाकून काही उपयोग होत नाही. नवा ॲप पासवर्डच करावा लागतो. सूचनेत ५३५ आणि ५.७.८ दिसलं तर नाव-पासवर्ड चुकलाय. ५३४ आणि ५.७.९ दिसलं तर सर्व्हर उघडच ॲप पासवर्ड मागतोय.

आणि जागा बघा. गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची मिळून आहे. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. लग्नाचे व्हिडिओ, शाळेचे फोटो आणि कुटुंबाच्या ग्रुपवरचे सुप्रभात संदेश मिळून जागा भरली की जीमेल मेल घेतही नाही आणि पाठवतही नाही. तेव्हा इनबॉक्स रिकामा करत बसू नका, व्हॉट्सॲप बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. एका झटक्यात काही जीबी मोकळे होतात.

मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यांवर, म्हणजे आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलवर, नुसत्या पासवर्डची पद्धत १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद आहे. तिथे नवी लॉगिन पद्धत जाणणारा प्रोग्रामच लागतो. थंडरबर्ड मोफत आहे आणि त्याला ती येते.

आउटबॉक्समध्ये चिकटलेला मेल

सेटिंग सगळं बरोबर, पोर्ट उघडा, तरी एक मेल हलत नाही आणि त्याच्यामागे बाकीचे रांगेत. हे बहुधा मोठ्या अटॅचमेंटमुळे होतं. मेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही. तिचे दर तीन बाइट चार अक्षरांत बदलले जातात, शिवाय दर ओळीचा शेवट मिळून आकार साधारण ३७ टक्क्यांनी वाढतो. १८ एमबीची पीडीएफ जाताना सुमारे २४.६ एमबी होते. म्हणून जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी १८ च्या वरची फाइल आउटलुकमधून पाठवायला जाऊ नका. आणि अपलोड गती एक एमबीपीएस असेल तर एवढा मेल जायला सव्वातीन मिनिटं लागतात, तेवढ्यात जोडणी एकदा जरी तुटली तरी पहिल्यापासून सुरुवात. मोठी फाइल ड्राइव्हवर टाकून दुवा पाठवणंच बरं. सर्व्हरने आकारावरून नाकारलं तर ५५२ आकडा येतो.

चिकटलेला मेल काढायचा असा: सेंड-रिसीव्ह टॅबवर वर्क ऑफलाइन दाबा, मिनिटभर थांबा, मग आउटबॉक्समधला मेल ओढून ड्राफ्ट्समध्ये टाका. मेल पाठवला जातोय, हलवता येणार नाही, असं म्हणाला तर आउटलुक बंद करा, टास्क मॅनेजरमधूनही संपवा, नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, आणि मग उघडून ओढा.

इथे एक बारीक खोच आहे, ती फार जणांना माहीत नसते. आउटबॉक्समध्ये जाण्यासाठी सज्ज असलेला मेल तिरप्या अक्षरांत दिसतो. तुम्ही तो नुसता उघडून बंद केलात तर अक्षरं सरळ होतात, आणि सरळ अक्षरांतला मेल आउटलुक पाठवत नाही. जातोय की नाही म्हणून बघायला उघडला, आणि म्हणूनच गेला नाही, असं होतं. पुन्हा उघडून सेंड दाबायचं. आणि खालच्या पट्टीवर वर्किंग ऑफलाइन असं लिहिलेलं नाही ना, तेही बघून घ्या. ते बटण चुकून दाबलेलं राहतं.

एवढ्यानेही आउटबॉक्स गोठलेलाच असेल तर पीएसटी फाइल खराब झाली असण्याची शक्यता आहे. ऑफिसच्या फोल्डरमध्ये, ऑफिस१६ मध्ये, स्कॅनपीएसटी नावाचा प्रोग्राम असतो. आउटलुक बंद करून तो चालवा, बॅकअपची टिक राहू द्या, आणि चूक सापडली नाही असं म्हणेपर्यंत दोन-तीनदा चालवा.

गेला, पण परत आला

परतीच्या मेलमध्ये तीन आकड्यांचा कोड शोधा. चारने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करत राहतो, साधारण चार-पाच दिवसांपर्यंत. तुम्ही पुन्हा पाठवू नका, समोरच्याला दोनदा मिळेल. पाचने सुरू होत असेल तर नकार पक्का.

५५० बरोबर ५.१.१ असेल तर असा पत्ताच नाही. बहुतेक वेळा आउटलुकने पत्ता आपोआप पुरा करताना जुना, चुकीचा पत्ता उचललेला असतो. नाव टाइप करायला सुरुवात करा, खाली आलेल्या यादीत त्या पत्त्यावर बाणाने जा आणि त्याच्या शेजारची फुली दाबून तो कायमचा काढा. ५.२.२ म्हणजे समोरच्याचा मेलबॉक्स भरलाय, त्याला फोन करा.

५.७.२६ दिसलं तर ते तुमच्या डोमेनचं काम आहे, आणि व्यवसायाच्या मेलसाठी हे मनावर घ्यायला हवं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू पाठवणाऱ्या डोमेनची ओळख कसोशीने तपासतात. होस्टिंगच्या डीएनएस पानावर, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या पानावर, एसपीएफची एक टीएक्सटी नोंद असते, तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी. अशी नोंद एकच असावी लागते. दोन झाल्या तर दोन्ही निकामी. होस्टिंग बदलताना जुनी काढायची राहून गेली की नेमकं हेच होतं. त्याच पॅनलमध्ये डीकेआयएम, म्हणजे मेलवरची तुमच्या डोमेनची डिजिटल सही, तीही चालू करून घ्या. आणखी एक सवय टाळा: आउटलुकमध्ये दोन खाती असताना फ्रॉममध्ये डोमेनचा पत्ता, पण मेल जातोय जीमेलच्या सर्व्हरवरून, असं करू नका. तसा मेल नाकारला गेला नाही तरी स्पॅममध्ये पडू शकतो. थंडरबर्डमध्ये हे नकळत होतं, कारण दुसऱ्या खात्याला पहिल्याचाच जाणारा सर्व्हर लागून बसतो. खात्याच्या सेटिंगच्या पहिल्या पानावर तळाशी तो निवडता येतो.

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस किंवा दिवाळीच्या शुभेच्छा एकदम शेकडो जणांना पाठवणार असाल, तर मोफत जीमेलची मर्यादा दिवसाला ५०० जणांची आहे. ओलांडली की पाठवणं २४ तासांपर्यंत बंद होऊ शकतं. होस्टिंगवाल्यांची मर्यादा बहुधा तासाला मोजली जाते, ती आधी विचारून घ्या.

तुम्ही न पाठवलेल्या मेलचे परतीचे मेल येत असतील, तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, मग वेबमेलमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. घुसलेला माणूस तिथेच आपली वाट ठेवून जातो, आणि नुसता पासवर्ड बदलल्याने ती बंद होत नाही.

फोन करायचा झाला तर

५८७ आणि ४६५ दोन्ही फायबरवर बंद आणि हॉटस्पॉटवर उघडे निघाले, तर फायबर कंपनीला फोन करा. मेल जात नाही एवढंच सांगितलं तर ते राउटर बंद करून चालू करायला सांगतील. त्याऐवजी सांगा की अमुक सर्व्हरच्या ५८७ पोर्टला टीसीपी जोडणी लागत नाही, दुसऱ्या नेटवर लागते, आणि पॉवरशेलच्या उत्तराचा फोटो पाठवा. होस्टिंगवाल्यांना सांगताना सूचनेतला मजकूर शब्दशः, आकड्यांसकट, आणि किती वाजता घडलं ते द्या. वेळ असली की त्यांना नोंदवहीत तुमची ओळ सापडते.

आणि सगळं सुरू होण्याच्या बेतात असताना, वर्क ऑफलाइन काढण्याआधी, आउटबॉक्स एकदा वरून खालपर्यंत बघा. महिनाभराचे अडकलेले मेल एकदम सुटतील. त्यात जुन्या दराची कोटेशनं असतील, नंतर फोनवर बदललेल्या तारखा असतील, आणि वेबमेलवरून तुम्ही आधीच पाठवलेली बिलं असतील. नको असतील ती ड्राफ्ट्समध्ये ओढून ठेवा, मगच ते बटण दाबा.